लिटरला किती

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

लिटरला ३.४! आठ सिलिंडर, चारही चाकांना ताकद, आणि मागे कॅरव्हॅन लावली की पेट्रोल नुसती ढोसते. एकटी असली की हीच गाडी साडेसात देते. विकणारा म्हणाला होता, "साहेब, मागे काही आहे हे कळणारसुद्धा नाही." कळलं! फहाहीलहून सालमी रस्त्यावरच्या तळापर्यंत एकशे आठ किलोमीटर — जवळजवळ बत्तीस लिटर.

तळ म्हणजे वाळवंटात बू नासरच्या तंबूंच्या कडेची जागा. कंपनीतला कुवेती सहकारी, भला माणूस. "कॅरव्हॅन आण, थंडीभर ये," म्हणाला.

अरुणला आकडा सांगितला तर तो हसला. वीस वर्षांचा मित्र म्हणून ऐकून घेतलं. "मोरेश्वर, अरे इथे पाण्याच्या भावात पेट्रोल! दशांश कसले मोजतोस?" पैशाचा प्रश्नच नाही. शुऐब्याच्या प्लँटमध्ये एकतीस वर्षं मोजमापाची यंत्रं सांभाळली मी. जे मोजता येतं तेवढं तरी माझ्या ताब्यात असावं. बाकी घरात माझं कोण ऐकतं!

१६ नोव्हेंबर

पद्धत ठरवली. निघताना टाकी काठोकाठ. तळावर पोचल्यावर कॅरव्हॅन सोडायची, एकट्याने अठरा किलोमीटरवरच्या पंपावर जायचं, पुन्हा काठोकाठ. ही लांबलचक वरात पंपावर वळत नाही, आणि शुक्रवारी तिथे ही रांग! ते जाण्यायेण्याचे छत्तीस किलोमीटर रिकाम्या गाडीच्या दराने वजा. दीड-दोन तास मोडतात, पण आकडा चोख मिळतो. सुजाता म्हणाली, "तुम्ही जा निवांत. मी इथलं आवरते."

या बाईने कधी नव्हे ते माझ्या एखाद्या गोष्टीला विरोध केला नाही!

कॅरव्हॅनचं बाहेरचं खातं माझं — टायर, हूक, दिवे. आतलं तिचं.

१९ नोव्हेंबर

शुऐब्याजवळच्या वजनकाट्यावर कॅरव्हॅन चढवली. १८४० किलो. जड आहे. जुनी बांधणी, दुसरं काय! चिठ्ठी जपून ठेवली.

२३ नोव्हेंबर

काल जाताना ३.५, येताना ३.८. जाताना वारा समोरून, येताना पाठीशी. शमाल, इथला वायव्येचा वारा. सरळ आहे.

जुनी वही शोधायला कपाट उघडलं आणि नको ती वही हाती आली. २००७ची, पहिल्या गाडीची. सगळे आकडे मुक्ताच्या अक्षरात. नऊ वर्षांची होती. मागच्या सीटवरून वाकून मीटर वाचायची, मी लिटर सांगायचो, भागाकार ती करायची. चुकायची नाही. घरी पोचायच्या आत सबंध इमारतीला सांगून मोकळी — आज बाबांची गाडी अमुक इतकं देते!

वही परत तळाशी ढकलली. नवी आणली.

२४ नोव्हेंबर

कालचं डोक्यातून जात नाही म्हणून लिहून टाकतो. जुलैत तिने लग्न केलं. प्रज्वल — घटस्फोटित, पदरी सात वर्षांची मुलगी. मला विचारलं नाही, सांगितलं. "बाबा, मी ठरवलंय." ठरवलंय! मी गेलो नाही. सुजातालाही जाऊ दिलं नाही. त्याच संध्याकाळी बजावलं — तिची एक चिंधीसुद्धा या घरात दिसता कामा नये, फेकून दे. आणि देवापुढे हात ठेवायला लावून वदवून घेतलं, ती या घरात यायची नाही, तू तिच्या घरी जायचं नाही.

आठवड्याभरात खोली रिकामी. "काय केलंस सगळ्याचं?" तर म्हणाली, "लावलं मार्गी." डोळ्यांत पाणी नाही, काही नाही.

तिचं घर सबाह अल-सालेमला, इथून वीस मिनिटांवर. सुजाताने शब्द पाळलाय. कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं.

७ डिसेंबर

जाताना ३.६, येताना ३.८. टायरमधली हवा वाढवली त्याचा गुण!

१४ डिसेंबर

वेग ऐंशीवर आणला. मागचे सगळे हॉर्न मारतात. मारा! जाताना ३.९.

२१ डिसेंबर

काल पंपावर गर्दी नव्हती, तासात परतलो. तळाकडून एक छोटी पांढरी गाडी धुरळा उडवत गेली. बू नासरकडचं कुणीतरी असेल. सुजाता कॅरव्हॅनच्या पायरीवर बसली होती, हात मांडीवर. "काय झालं?" "काही नाही. धूळ गेली डोळ्यांत." चहासुद्धा टाकला नव्हता! पुढे तीन कप मांडलेले. म्हणे, एक धुवायचा राहिला होता.

४ जानेवारी

गाद्यांमध्ये लहान मुलीचा चाप सापडला, गुलाबी. बू नासरच्या नाती इथे शिरतात वाटतं. सुजाताने तो धुऊन पदराला पुसला आणि पर्समध्ये टाकला. म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी देईन." दुसऱ्यांच्या पोरींचं काय ते कौतुक!

११ जानेवारी

जाताना ४.१! चाराचा आकडा ओलांडला. अरुणला फोन केला. त्याने आकडा ऐकून घेतला. मग म्हणाला, "प्रज्वलचं न्यूझीलंडचं नक्की झालं म्हणे. तुला काही —" मी म्हटलं, मी तुला ॲव्हरेज सांगतोय. तो म्हणाला, "अरे, मुलगी आहे ती तुझी." फोन ठेवला.

सगळे शहाणे! माझ्याच वाट्याला हेका.

१२ जानेवारी

न्यूझीलंड. चौदा हजार किलोमीटर तरी असेल.

२५ जानेवारी

हे बसत नाही. काल दिवसभर वारा उलटा, आग्नेयेचा. म्हणजे जाताना पाठीशी, येताना समोर. येताना आकडा पडायला हवा होता. ४.१ गेलो, ४.२ आलो! हिशेब तीनदा केला. सुजाताला सांगितलं तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गाडीला सवय झाली असेल ओढायची." यंत्राला सवय! एकतीस वर्षं इंजिनिअरबरोबर काढून ही अक्कल!

८ फेब्रुवारी

४.३. हवा, वेग, टपावरचा कॅरियर काढला — सगळी करामत माझी. ग्रुपवर टाकलं. सत्तेचाळीस जणांत दोन अंगठे. एक अरुणचा.

१५ फेब्रुवारी

काल मी पंपावर निघालो तशी सुजाताने हाक मारली. "अहो, आज नाही गेलात तर?" का? "थांबा म्हटलं जरा. बसू या." म्हटलं, टाकी न भरता आकडा कुठून आणू? तिने एकदा रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. जा."

गेलो. ४.४.

२२ फेब्रुवारी, शनिवार

काल जाताना ४.४, येताना ४.६. वारा नावालाही नव्हता. परतीच्या वाटेवर सुजाता सारखी आरशातून मागच्या कॅरव्हॅनकडे बघत होती.

आज सकाळी पुन्हा काट्यावर गेलो. १६०० किलो! नोव्हेंबरची चिठ्ठी खिशात — १८४०. काटेवाल्याशी वाद घातला. तीनदा चढवली, तीनदा १६००. पाण्याची टाकी तेव्हाही रिकामी, आताही रिकामी. गॅसचे सिलिंडर तेच. दोनशे चाळीस किलो वाऱ्यावर उडून गेले? माझ्या टायरचा, माझ्या वेगाचा काय संबंध राहिला मग!

बाकांखालचे कप्पे उघडले. रिकामे. स्वच्छ पुसलेले. एका कोपऱ्यात शिवणयंत्राची बॉबिन अडकलेली.

शिवणयंत्र तर मुक्ताचं.

२३ फेब्रुवारी

सुजाताला विचारलं. ती पोळ्या लाटत होती, थांबली नाही.

"फेकून दे म्हणालात, माझ्याने फेकवलं नाही. कॅरव्हॅन खाली उभीच होती. तुम्ही पंपावर गेलात की मुक्ता यायची, थोडं थोडं न्यायची. पोरगीही यायची बरोबर. शब्द मोडला नाही मी. वाळवंट काही कुणाचं घर नाही."

"आता कुठे आहे ती?"

"गेली. काल तुम्ही काट्यावर भांडत होतात तेव्हा विमान सुटलं."

मग विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाली का?

"दर शुक्रवारी आल्या आल्या विचारायची — आज बाबांची गाडी किती देते?"