ओळख पटवायला बोलावलंय

९ जाने., शुक्र. अराद, बहारीन

सुट्टी. पोरगा सतीश झोपलाय. मी सांगते, सूनबाई विद्या लिहिते. माझी मालवणी ती धुऊन, इस्त्री करून कागदावर घालते. घालू दे. मला वाचता येत नाही म्हणून तिची चैन. मध्येच स्वतःचंही घुसवत असेल.

सईला शाळेत ग्रीक लोकांची जुनी काव्यं आहेत. नात इंग्रजीत वाचते, विद्या मराठी करते. एक राजा परमुलखात लढाई जिंकून घरी निघतो, वाटेत समुद्र, वर्षानुवर्षं पोचतच नाही. म्हटलं, "पत्र नाही पाठवलं मेल्यानं?"

"आजी, ही वॉज अ हिरो!"

हिरो म्हणे. कुठल्याशा बाईच्या बेटावर राहिला. रोज किनाऱ्यावर बसून रडायचा. रडत तर रडत. जेवत होता ना वेळेवर?

११ जाने., रवि.

हमद टाउनहून महादेव आला. आमच्या गावचा, बस चालवतो. चहा ओतून बशीत बघत बसला. मग म्हणाला, "काकी, तिकडे शहरात, हूऱ्याच्या वस्तीत, एका खोलीत एक म्हातारा आहे. सुतारकाम करायचा. व्हिसा नाही, पासपोर्ट नाही, कैक वर्षं झाली. आजारी आहे. आता घरी जायचं म्हणतो. गाव आपलं सांगतो."

"आणि आडनाव?"

आडनाव आमचं सांगतो.

घरच्या कोणी ओळख पटवली तर त्याला परत जायचे कागद मिळतील. नाही पटवली तर खोलीतच...

विद्याचं पेन थांबलं. लिही गो.

१२ जाने.

सतीशचं एकच. बाबा गेले. खलास.

तो पाळण्यात असताना हे बहारीनला आले, सुतारकामाला. दोन पत्रं आली, मग नाहीच. बारा वर्षं वाट बघितली. मग भटजींनी सांगितलं तसा पळसाच्या पानांचा माणूस केला, डोक्याच्या जागी नारळ, आणि पोरानं त्याला अग्नी दिला. मिसरूड फुटायचं होतं. माझं कुंकू त्या दिवशी गेलं.

"मी या हातांनी जाळलंय, आई."

"पानं जाळलीस रे."

ताटावरून उठून गेला. चुकलंच बोलायला. पण खरं तेच.

१४ जाने.

सईचा राजा पोचला एकदाचा. भिकाऱ्याच्या वेशात. दारातल्या म्हाताऱ्या कुत्र्यानं ओळखलं, शेपूट हलवली, प्राण सोडला. बायको मात्र परीक्षा घेते. म्हणते, खाट बाहेर काढा. तो चिडतो, कारण ती त्यानं स्वतः जिवंत झाडाच्या बुंध्यावर घडवलेली, हलणारच नाही. पटली ओळख.

"म्हणजे सुतारच की!" मी खूप हसले. मग हसू कुठे गेलं कळलं नाही.

आमची चटई होती. कोणीही गुंडाळावी.

आणि चेहरा? भिंतीवरचा फोटो मोठा करताना फोटोवाल्यानं कोट-टाय चढवला, नाक सरळ केलं. एवढी वर्षं त्यालाच हार घातला. आता डोळे मिटले की टायवाला येतो. ह्यांना जन्मात टाय नव्हता.

१६ जाने., शुक्र.

हूऱ्याला जाऊन आलो. हॉटेलांच्या मागची गल्ली. एका खोलीत चार खाटा, वर वाळत घातलेले कपडे. तो उठून बसला. दात नाहीत, मान बारीक.

"कशी आसस?"

आवाज म्हाताऱ्याचा. म्हाताऱ्यांचे आवाज सगळे सारखेच.

सगळं बरोबर सांगितलं. विहिरीची तुटकी पायरी. माझ्या आईचं एका पायानं लंगडणं. वरातीत माझा पाय चिखलात रुतला तो. फारच बरोबर. माझ्या नवऱ्याला मी लुगडं कुठल्या रंगाचं नेसलेय ते सांजेपर्यंत कळायचं नाही. ह्याला चिखल आठवतो.

मग विचारतो, "पोराचा जावळ काढलात?"

सतीश दारातच उभा होता. डोक्यावर केस उरलेत चार. गाडीत जाऊन बसला.

जिन्यात महादेव म्हणाला, "काकी, ह्या खोल्यांत दुसरं काय असतं? रोज संध्याकाळी एकमेकांचं गाव ऐकायचं. माझ्या खोलीतल्या केरळवाल्याच्या घराच्या खिडक्या मला पाठ आहेत."

१७ जाने.

तांदूळ निवडत बसले होते. दारात कोणी चपला काढल्यासारखं वाटलं. विद्या बघून आली. कोणी नाही. परत वाटलं.

तो हेच असतील, तर इतकी वर्षं बसून चिखलसुद्धा आठवत राहिले. नसतील, तर हे त्या खोलीत गेले आणि ह्यानं त्यांचं गाव सांभाळलं. मग कुठे पुरलं-जाळलं तेही ह्यालाच ठाऊक.

हो म्हटलं तर कोणीतरी घरी जाईल. कोण?

१८ जाने., रवि.

आपल्या वकिलातीची कचेरी. तो माझ्या बाजूच्या खुर्चीवर, दाढी केलेला, महादेवच्या शर्टात. साहेब हिंदीत बोलले. "माताजी, पति का नाम?"

नाव मी जन्मात दोनदा घेतलं. एकदा लग्नात, उखाण्यात, सगळ्यांनी ओढून. दुसऱ्यांदा तलाठ्यासमोर, मेल्याची नोंद करताना. तेव्हा सहज आलं, मीठ मागावं तसं.

आज तोंड उघडलं नि आलंच नाही. पदर आपोआप डोक्यावर.

"नाम मालूम नहीं?"

सतीश सांगायला लागला. साहेब म्हणाले, आप नहीं, माताजी बोलेंगी. बाजूच्या खुर्चीतला म्हातारा जमिनीकडे बघत होता. खोकला आला तोही दाबला त्यानं.

गुरुवारी परत बोलावलंय.

गाडीत सतीश: "म्हणजे तेच ना? आई, सांग ना. बाबाच ना?"

मला काय ठाऊक रे. जीभ नवऱ्यापुढे अडली की परक्या पुरुषापुढे, जिभेला विचार.

विद्या म्हणाली, "आई, इथे तरी सांगा. मी लिहिते, कोणाला दाखवत नाही." तिचं बरं. ती घरभर सतीश, सतीश करत फिरते. दार लावून घेतलं. आम्ही दोघीच. तो तिकडे हूऱ्यात.

तोंड उघडलं. इथेही नाव येईना.

विद्या पेन टेकवून बसली. कागदावर ठिपका मोठा होत गेला.