बाटलीतले पाणी

चिरंजीव जावईबापूंस,

ल्युपसच्या आजाराने माझ्या मुलीची मूत्रपिंडे धरली आहेत. लघवीतून प्रथिने जाणे थांबले की घरी नेईन, असा आपला शब्द होता. म्हणून तिने तपासणीच्या बाटलीत पाणी घातले.

"आजोबा, ही लघवी की नळाचं पाणी?" प्रयोगशाळेतील बाईंनी मला सर्वांदेखत विचारले. पुन्हा नमुना दिला, तेव्हा प्रथिने दुपटीने वाढलेली निघाली.

आपण दुसरा विवाह ठरविल्याचे मला समजले आहे. तरी हे पत्र मी टपालात टाकणार नाही. आपले उत्तर तिच्या हाती पडेल, आणि आपण न्यायला याल याच आशेवर ती गोळ्या घेते.

मी जन्मात खोटे बोललो नव्हतो. आज तिने विचारले, "बाबा, त्यांचा फोन आला होता का हो?"

"आला होता. आधी गोळी घे."

'आपला' असे लिहवत नाही.

तिचा बाप