तळव्यावरची फक्की

जळगाव
१८ नोव्हेंबर २०२५

चि. जगदीशला उषाअक्काचे अनेक आशीर्वाद. आईला नमस्कार.

दोंडाईचाचा संघ खान्देश चषकाच्या उपांत्य सामन्यात पोचल्याचं मला पेपरातून कळलं. तू सांगितलं नाहीस, कारण सांगितलं की दृष्ट लागते. रग्बीलाही लागते का रे?

एक अडचण आहे. भडगावशी तुमचा सामना आमच्या कॉलेजच्या मैदानावर आहे. ठरलेले रेषापंच गिरधर सर पायाला प्लास्टर घालून बसलेत आणि पंचपरीक्षा पास झालेली इथे मी एकटीच उरले. एका संघाचा प्रशिक्षक माझा भाऊ आणि कर्णधार माझा भाचा, हे मी स्पर्धेच्या समितीला सांगितलं. त्यावर भडगावचे प्रशिक्षक अभिमन पाटील म्हणाले की उषाताई असतील तर आमची हरकत नाही. त्यांच्या या विश्वासाचंच मला ओझं झालंय. तुझी हरकत असेल तर स्पष्ट लिही. फोनवर तू नुसतं 'बघू' म्हणतोस आणि ठेवून देतोस.

सामन्यानंतर सगळा संघ आमच्याकडे भरीत-पुरीला. वांगी बामणोदची सांगितली आहेत.

भावावरचा लोभ आहे तसाच आहे, हे सांगायला नको.

तुझी अक्का


दोंडाईचा
२२ नोव्हेंबर

ती. अक्कास जगदीशचा सा. न.

हरकत कसली? विटीदांडूतही तूच पंच असायचीस आणि मी रडत घरी यायचो. सवय आहे.

हरला तो घरी, अशी ही स्पर्धा. तीन वर्षं आम्ही पहिल्याच फेरीत घरी आलो. या वेळी अंतिम सामना गाठला तर बाजार समिती आपलं मागचं पटांगण सरावाला कायमचं देणार आहे. नाहीतर तिथे गाळे निघतील. पोरांना मी हे सांगून टाकलं. सांगायला नको होतं की काय, कळत नाही.

पोरं सगळी कबड्डीतली, आपला कर्णधार ललितसुद्धा. पकडीला भारी, पण अंगातली खोड जात नाही. आई सराव बघायला खाट टाकून बसते. परवा म्हणाली, 'हाई ते कबड्डीच शे, मझार फक्त भोपळा शे.' भोपळा म्हणजे आमचा लांबुळका चेंडू.

वांगी जास्त भाज. ही पोरं बैलासारखी जेवतात.

तुझ्या आशीर्वादाचा हक्कदार,
जगदीश


जळगाव
३ डिसेंबर

चि. जगदीशला आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. रविवारी संघाला घेऊन तू न जेवता निघून गेलास. भरीत दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये नेलं. सगळ्यांनी वाखाणलं, मला एक घास गेला नाही.

जे पाहिलं ते लिहिते. तुम्ही दोन गुणांनी मागे होता, शेवटची चढाई होती. ललित तिघांना अंगावर घेऊन रेषेपर्यंत आला आणि पडला. मुख्य पंच कौतिक सरांच्या आणि त्याच्या मध्ये माणसांचा ढीग होता. ललितने उजवा हात लांबवून रेषेवर मारला. चेंडू डाव्या बगलेत होता, जमिनीपासून वीतभर वर. तो हात उंचावून उठला आणि उठताना चेंडू सुटून पडला. चेंडू टेकल्याशिवाय गुण नाहीत. सरांनी मला विचारलं, मी नाही म्हणाले.

तेवढं मला पक्कं आठवतं. पुढचं पक्कं नाही. चेंडू भडगावच्या पोराच्या बगलेत असता तर मी इतकं बारीक पाहिलं असतं का? तू भाऊ आहेस म्हणून मी जास्त कडक झाले, लोकांनी बोट दाखवू नये म्हणून, असं तर नाही? कुणीतरी काढलेला व्हिडिओ मागवून पाहिला. त्यात नुसत्या पाठी दिसतात. पटांगणाचं मला माहीत होतं. तेव्हा आठवलं नाही असं म्हणणार नाही.

राग असेल तर राग लिही. मुक्या फोनपेक्षा तो बरा.

अक्का


दोंडाईचा
१४ डिसेंबर

ती. अक्कास सा. न.

राग होता. पंच ठीक आहे, पण बहीण कुठे गेली होती, असं मी घरी मोठ्याने म्हणालो. आई म्हणाली की बहीण रेषेवरच उभी होती, तूच तिले उभी करी. ललितला विचारलं तर म्हणायचा की मी टेकवलं पप्पा, रेषा मला हाताला लागली.

पटांगणात गाळ्यांची आखणी झाली. तोताराम नानांनी कापूस निघालेलं आपलं वावर सरावाला दिलंय. पोरांनी पऱ्हाट्या उपटल्या, चुन्याच्या फक्कीची रेघ मारली. काळ्या मातीत ती फारच पांढरी दिसते. पहिल्याच दिवशी ललित धावत येऊन पडला, रेघेवर हात मारला आणि हात वर करून उठला. चेंडू बगलेत. आम्ही सगळे हसलो. तो आपल्या पांढऱ्या तळव्याकडे बघत राहिला. 'आत्याले फोन लावू का?' असं त्याने विचारलं. मी म्हणालो, मी लिहितो.

तर आता नियम केलाय. चढाई झाली की तळवे दाखवायचे. फक्की दिसली तर वावराला एक फेरी. चेंडू कसा टेकवायचा ते काल मीच करून दाखवलं. उठलो तर आई खाटेवरून ओरडली की मास्तरनाबी हात दखा. दाखवला. तळवा पांढरा. या पोराला कबड्डी मीच शिकवली ना, अक्का, पडता पडता रेषेला हात लागला की सुटलो, हेही मीच. फेरी मारून आलो, गुडघा अजून ठणकतोय.

तू स्वतःला जे विचारतेस, त्यावर माझ्यापाशी फक्त हा हात आहे. पुढच्या चषकाला रेषेवर तूच उभी राहा, असं मी स्पर्धेच्या समितीला कळवलंय.

वांगी घेऊन ये. इथे वावरातच भाजू. आई वाट बघते, आणि तिच्या नावावर मीही.

जगदीश