न तुटणाऱ्या सुताची वाटणी

मी, सूतगिरणीतील निवृत्त फिटर, वय एकाहत्तर, अविवाहित, कुणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पाय मात्र ठिकाणावर नाहीत. एवढे लिहीपर्यंत चार वेळा उठून खिडकीपर्यंत जाऊन आले. यापूर्वीची तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व मागची मोकळी जागा, माझ्या थोरल्या भावास, म्हणजे दादास, द्यावे. कारण लिहिणे भाग आहे. आमच्या गिरणीत सूत सारखे तुटायचे. तुटले की गाठ मारायला माणूस हवा, म्हणून एका माणसाकडे दोनच यंत्रे असत. मी वर्षभर खटपट करून धाग्याचा ताण सांभाळणारी एक पट्टी बसवली. सूत तुटेनासे झाले. एक माणूस आठ यंत्रे बघू लागला आणि ऐंशीपैकी साठ जण घरी बसले. त्यांत दादा होता. तो उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "तुझ्या हाताला यश आलं, त्याचं वाईट नाही वाटत. पण मला आधी सांगायचं होतंस."

सांगता आले असते. पट्टी चालते हे मला दोन महिने आधीच कळले होते. गप्प बसले, कारण मला ती चालताना बघायची होती.

दादा बायकामुलांना घेऊन मागांच्या गावी गेला. आमचे सूत स्वस्त झाले म्हणून तिकडे माग वाढले होते आणि माणसे मिळत नव्हती. तिथे तो मुकादम झाला. म्हणजे माझ्या पट्टीनेच त्याचे काम काढून घेतले आणि तिनेच दुसरीकडे दिले. हे त्यालाही ठाऊक होते. बहुधा म्हणूनच एकोणीस वर्षे तो माझ्याशी बोलला नाही.

कलम २. बँकेतील ठेव गाठवालीस द्यावी. ती माझ्या शेजारी गाठी मारायची, डोळे मिटूनसुद्धा. काम गेले तेव्हा तिची आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे तिला गाव सोडता आले नाही. ज्यांना हलता आले ते सावरले. ही लोकांची धुणीभांडी करत राहिली. तिने मला कधी बोल लावला नाही. तेच जास्त लागते.

कलम ३. लेथ, पाने व मापे तंत्रशाळेस द्यावीत. मुलींना आधी हात लावू द्यावा. लेथचा डावा दांडा अडतो. जोर न लावता फिरवावा.

कलम ४. गिरणीच्या मालकांनी दिलेल्या प्रशस्तिपत्राची काच काढून स्वयंपाकघराच्या खिडकीला बसवावी, तिथली फुटली आहे. कागदाचे काय वाटेल ते करावे. मी गेल्यावर मालकांच्या मुलाने भाषण करू नये.

कलम ५. आकडेवारी खात्याचा अहवाल वाचनालयास द्यावा. खात्याचे साहेब तो घेऊन आले, म्हणाले की कापड स्वस्त झाले, देशाचे उत्पादन वाढले, त्यात तुमच्या गिरणीचा वाटा मोठा. मी विचारले, आमच्या बाजारातली बंद दुकाने आणि शाळेचे गेलेले दोन वर्ग यात कुठे आहेत? माणूस सभ्य होता, खोटे बोलला नाही. "बेरजेत आहेत, बाई. वजा होऊनच आकडा वर आलाय. पण कुठून वजा झालं, ते या पानावर दिसत नाही." त्या पानावर मी पेन्सिलीने आमच्या गावाचे नाव लिहिले आहे. ते खोडू नये.

दुरुस्ती. घर घेशील का, असे दादाला पत्राने विचारले होते. उत्तर आले नाही. आज सकाळी तो स्वतःच आला. त्याने सगळे उभ्यानेच वाचले. दुसऱ्या साक्षीदाराची सही अजून बाकी होती. मृत्युपत्र तपासायला आलेल्या वकीलबाई म्हणाल्या, ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, दुसरा कुणी शोधावा लागेल. दादा म्हणाला, "घर गाठवालीला दे. मी सही करतो."

मी म्हटले, अरे, तू जन्मलास या घरात.

"मग येईन की अधूनमधून. ती चहा तरी धड करते."

सबब कलम १ मध्ये 'माझ्या थोरल्या भावास, म्हणजे दादास' याऐवजी 'गाठवालीस' असे वाचावे. खाडाखोडीवर तिघांच्या सह्या आहेत.

स्थळ: राहते घर. दिनांक: अकरा ऑगस्ट, मंगळवार.

लिहून देणार: फिटर (सही)

साक्षीदार पहिले: गल्लीतील कंपाउंडर (सही)

साक्षीदार दुसरे: लिहून देणारीचा सख्खा थोरला भाऊ, निवृत्त मुकादम (सही). मुक्काम: आठवडाभर इथेच.