तीस टक्क्यांचं गोफणयंत्र

सेगेड, २१ जून १९९४

चि. गेलर्ट यास,

अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचलो. इलकाने बांधून दिलेला चेरीचा केक गाडीतच संपला, हे तिला सांगू नकोस.

किल्ल्यावरची जत्रा छान झाली. सातशे वर्षांपूर्वीचं गोफणयंत्र केवळ जुन्या चित्रांवरून उभं करायचं, हे आपल्या बाबांनाही जमलं नसतं. मी ऊर्जेचा हिशेब सांगायला लागलो आणि तू जेवण टाकून उठलास, म्हणून नीट मांडून पाठवतो. तूच सांगितलंस की दांड्याच्या आखूड टोकाला टांगलेल्या पेटीत चार टन दगड आहेत. पेटी तीन मीटर खाली येते. चार हजार किलो गुणिले तीन, बारा हजार; गुरुत्वाकर्षण दोन्हीकडे सारखंच, म्हणून सोडलं. ही घातलेली ऊर्जा. गोळा चाळीस किलोचा, पडला एकशे ऐंशी मीटरवर. त्यांचा गुणाकार करून निम्मे घेतले की छत्तीसशे. ही गोळ्याला मिळालेली. म्हणजे शंभरात तीस. बाकीचे सत्तर यंत्राच्या कण्हण्या-कुंथण्यात गेले.

नगराध्यक्षांनी माझ्या हाती ध्वनिक्षेपक दिला, तेव्हा हेच मी जरा मीठ-मसाला लावून सांगितलं. लोक हसले. चाळीस वर्षं फिजिक्स शिकवलेल्या माणसाला एवढी सवय असतेच रे. मनावर घेऊ नकोस.

इलकाला आशीर्वाद. राग धरलास तरी लोभ सोडू नकोस.

तुझा,
बेनेडेकदादा


कोवेश्केर, ९ जुलै १९९४

ती. बेनेडेकदादा यांस,

सा. नमस्कार. पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक.

गावात मला आता 'तीस टक्के' म्हणतात. परवा खानावळीत एकाने विचारलं, तीस टक्क्यांच्या सुताराकडून खुर्ची घेतली तर तिला पाय किती असतील. मीही हसलो. तू शिकायला गेलास आणि मी बाबांचा रंधा हाती घेतला, त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

सप्टेंबरात द्राक्षांच्या सणाला यंत्र पुन्हा चालवायचं आहे. तेव्हा गोळा पार नदीत पडेल. तू येऊ नकोस, पाय दुखतात तुझे.

लोभ आहेच, कुठे जातोय.

गेलर्ट


कोवेश्केर, २० सप्टेंबर १९९४

ती. दादा यांस,

इलकाचा नमस्कार. वाईट बातमी आहे, पण आधी एवढं सांगते की हे जिवंत आहेत.

सणाच्या आदल्या सकाळी हे कोणाला न सांगता किल्ल्यावर गेले आणि पेटीत दगड भरत बसले. त्याआधीचे दोन दिवसही तेच चाललं होतं म्हणे. पेटी काठोकाठ भरली, आणि दोघा जणांना बोलावून रहाटाने वर चढवली. खटका ओढला तसा ओकचा दांडा मधोमध फाटला. पेटी खाली आली, त्यात यांचा उजवा हात सापडला. अंगठा आणि दोन बोटं गेली.

मला नवल वाटलं ते निराळंच. काठोकाठ भरली म्हणजे जूनमध्ये ती भरलेली नव्हती का? इस्पितळात विचारलं तर म्हणाले, "अर्धीच होती. दांड्यात गाठ होती, पुरतं वजन पेललं नसतं, मला पहिल्यापासून ठाऊक होतं." मग भिंतीकडे तोंड केलं. जत्रेच्या फलकावर चार टन छापून गेले होते, म्हणून यांनी चार टनच सांगितलं.

तुम्हाला दोष देत नाही. पण दादा, त्या दिवशी घरात बोलला असतात तर चाललं असतं.

आपली,
इलका


सेगेड, २६ सप्टेंबर १९९४

प्रिय गेलर्टा,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच नाव घेतो.

इलकाचं पत्र वाचल्यावर तोच कागद पुन्हा काढला. पेटीत दोन टन असतील तर घातलेली ऊर्जा सहा हजार. गोळ्याची तीच छत्तीसशे. साठ टक्के. गेलर्टा, तुझ्या यंत्राने साठ टक्के दिले. मी आयुष्यभर वर्गात जी यंत्रं करून दाखवली, त्यातलं एकही याच्या जवळपास पोचलं नाही.

आता जे तुला ठाऊक नाही ते सांगतो. जूनमध्ये तुझी दोन माणसं रहाट फिरवत होती. मी घड्याळ लावून पाहत होतो, ती माझी खोड तू जाणतोस. चार टन इतक्या लवकर वर जाणं शक्य नव्हतं. मला तेव्हाच कळलं की वजनात काहीतरी खोट आहे. तुला बाजूला घेऊन विचारावं असं मनात आलं, आणि तेवढ्यात ध्वनिक्षेपक हातात आला. समोर सगळं गाव. लहानपणापासून त्या गावात कौतुक व्हायचं ते तुझ्या हातांचं, माझ्या पुस्तकांकडे कोण बघत होतं? एकदा माझंही ऐकावं त्यांनी, असं वाटलं. आकडा चुकीचा असेल हे जाणून मी तो बोललो.

शनिवारच्या गाडीने येतो. दार उघडू नये असं वाटलं तर तसं कर, मी इलकापाशी निरोप ठेवून परतेन. गावातही सांगायला तयार आहे, त्याच व्यासपीठावरून.

लोभ मागायला तोंड उरलं नाही.

बेनेडेक


कोवेश्केर, २९ सप्टेंबर १९९४

ती. दादा यांस,

सा. नमस्कार. डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

तुझं पत्र इलकाने मोठ्याने वाचलं. साठचा आकडा आला तिथे मी तिला थांबवलं आणि ते वाक्य परत वाचायला लावलं. मग आणखी एकदा. तुझ्या तोंडून तो ऐकायचा होता.

व्यासपीठाचं डोक्यातून काढ. लोक आता हसत नाहीत, हाताकडे वाकून बघतात आणि बोलणं बदलतात. ते जास्त लागतं. आणि दोष सगळा स्वतःकडे ओढू नकोस, तेही तुझं नेहमीचंच. वजन अर्धं तर टक्के दुप्पट, एवढं गणित मलाही येतं. तू बोलत होतास तेव्हा मी चार पावलांवर उभा होतो. साठ हा आकडा त्या मैदानात एकट्या मलाच माहीत होता. तो सांगायचा तर गाठवाला दांडा मीच बसवला हे सांगावं लागलं असतं. मी टोपी डोळ्यांवर ओढली आणि गप्प राहिलो.

शनिवारी ये. स्टेशनवर इलका येईल. मी दारात असेन.

तुझा,
गेलर्ट