भाच्याने नेलेलं गाव

झारकेंत, सोमवार, दुपारचा दुसरा चहा

तीर्थरूप कुल्याशताईला धाकट्या ओरालबेकचा सलाम.

गुरंढोरं सुखरूप? माणसं सुखरूप? (तुम्ही पावलोदारला चौथ्या मजल्यावर राहता आणि तुमच्याकडचं एकूण जनावर म्हणजे दाजींचं ते एक मांजर, हे मला ठाऊक आहे. पण आधी गुरांचं विचारायचं, मग माणसांचं, ही आपल्या घरची रीत. ती मी तुझ्या चौथ्या मजल्यासाठी मोडणार नाही.) दाजींचा गुडघा काय म्हणतो? तुझं रक्तदाबाचं औषध वेळेवर चालू आहे ना? इकडे सगळे मजेत आहेत. म्हणजे राबिगा मजेत आहे, मी नाही. फोनच केला असता, पण वर्षभर तू माझा फोन उचलत नाहीस आणि उचललास तरी माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. म्हणून हाताने लिहितोय आणि पानांचे फोटो पाठवतोय. फोटोला मध्येच तोडता येत नाही. आणि ताई, घाई आहे. परवा सकाळी तुझा कुआनिश आगगाडीतून उतरेल, त्याच्या आत हे शेवटपर्यंत वाचून काढ. मधली पानं गाळायची तुला सवय आहे, ती एवढ्यापुरती बाजूला ठेव.

तर तुझा लेक आठवडाभर माझ्याकडे राहून काल गेला. आला त्याचा आनंदच झाला, नाही म्हणत नाही. दारातच ‘मामा!’ म्हणून गळ्यात पडला तेव्हा माझी एक बरगडी करकरली, ती अजून करकरते आहे. चांगला बत्तीस वर्षांचा बाप्या झालाय, दाढी काय, दंड काय. त्याने यावं, खावं, लोळावं, माझी कसलीच तक्रार नाही. पण भाचा मामाकडे नुसता जेवायला येत नसतो. मामाच्या घरात भाच्याने ज्या वस्तूवर हात ठेवला ती त्याची, असा तीन वेळा त्याचा हक्क, आणि नाही म्हणणाऱ्या मामाचे हात जन्मभर थरथरतात, हे आई आपल्याला सांगायची. (तिच्या भावाचे थरथरायचेच. राबिगा म्हणते ते वोडकाने. असेल.) कुआनिशने पहिल्यांदा, पाच वर्षांचा असताना, माझा झुंजीचा कोंबडा नेला. दुसऱ्यांदा, स्वतःच्या लग्नात, माझी मोटारसायकल नेली. तिचं पुढे काय केलं ते मी पाहिलंय, तू विचारू नकोस. तिसरी खेप शिल्लक होती. आणि ताई, माझा कुरेंग आता ऐन भरात आहे. असा तांबडा घोडा अख्ख्या तालुक्यात नाही, हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

मग मी काय करणार? कुआनिश येणार म्हटल्यावर कुरेंगला शेजारच्या तुर्सुनजानच्या आवारात नेऊन बांधला. अब्बांचा चांदीचा पट्टा पिठाच्या पिंपात पुरला. (पुढे दोन दिवस नानला चांदीची चव येत होती असं राबिगाचं म्हणणं.) नवं खोगीर माळ्यावर, चहाचा समोवार गोधड्यांत, आणि टीव्हीची वायर काढून ठेवली, म्हणजे विचारलं तर ‘बिघडलाय रे’ म्हणता येईल. घरात भंगाराखेरीज डोळ्यांत भरेल असं काही उरू दिलं नाही. राबिगा कंबरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, ‘मलाही कुठे लपवणार का?’ मी म्हटलं, ‘तुला कोण मागतंय?’ त्या रात्री मला नुसता चहा मिळाला.

आठवडाभर माझा जीव मुठीत होता. तो भिंतीवरच्या गालिच्याकडे नुसता बघून हसला तरी मी मध्ये जाऊन उभा राहत होतो. आणि काल निघायच्या दिवशी, मटण-शेवया पोटभर हाणून झाल्यावर, स्वारी उठली. हात पाठीमागे बांधले आणि खोल्यांमधून फिरायला लागली, जणू बाजारात बैल बघायला आलाय. गालिच्यापाशी थांबला. पुढे गेला. शिवणयंत्रापाशी थांबला. पुढे गेला. खिडकीपाशी उभा राहिला आणि अगदी सहज विचारलं, ‘मामा, कुरेंग कुठे दिसत नाही तो?’ मी म्हटलं, डोंगरात चरायला पाठवलाय. म्हणालो तर म्हणालो, पण मोठ्याने म्हणालो, आणि माझा आवाज ऐकून तो गाढवाचा घोडा भिंतीपलीकडून असा खिंकाळला की कपबश्या वाजल्या. कुआनिश म्हणाला, ‘फार लांब गेलेला दिसत नाही.’ ताई, म्हटलं, आता हा दाराबाहेर जाणार, भिंतीवरून हात टाकणार, आणि संपलं.

पण तो वळला. टीव्हीखाली वाकला आणि तिथल्या त्या जुन्या गेमच्या डब्यावर हात ठेवला. आमची पोर सासरी जाताना मागे टाकून गेली होती तो, टीव्हीला जोडायचा, कोपरा फुटलेला. म्हणाला, ‘मामा, हे.’

मी काय केलं असेल? मी नाचलो. ने म्हटलं, वायरी पण ने, बटणांचा तो दुसरा खोका पण ने! स्वतःच्या हाताने तो डबा टॉवेलात गुंडाळला, वर दोरी बांधली, पिशवीत सफरचंदं भरली, आगगाडीच्या स्टेशनाला जाणाऱ्या बसपर्यंत पोचवायला गेलो आणि बस सुटल्यावरही हात हलवत उभा राहिलो. परत येताना कुरेंगला सोडवून आणला, त्याच्या कपाळाचा मुका घेतला. घरी आलो, चहा ओतून घेतला, टीव्हीची वायर जोडली, आणि रोजच्यासारखा हात खाली गेला. तिथे धुळीत एक चौकोन होता.

ताई, मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू. जे जे मोलाचं ते मी लपवलं होतं, आणि हे एक उघड्यावर राहून गेलं, कारण हे मोलाचं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तू म्हणशील, पन्नाशी उलटलेला माणूस पोरांच्या खेळासाठी रडतोय. थांब. आई शेवटची काही वर्षं अंथरुणावरून उठत नव्हती तेव्हा तू फोनवर हसून म्हणायचीस ना, म्हातारीला पोरखेळ सुचलाय? तोच हा डबा. त्यात एक गाव आहे. ओढा, चार झाडं, सलगमाचा वाफा, मेंढ्या, शेजारीपाजारी. युद्ध नाही, मारामारी नाही, कुणी जिंकत नाही. सकाळी उठायचं, पाणी घालायचं, मासा धरायचा, घरी जायचं. आईचे पाय गेले होते, पण त्या गावात ती टुणटुण चालायची. म्हातारीची बाहुली तिने स्वतः बनवली. डोक्याला पांढरा रुमाल हवा होता, तो त्या गावातल्या दुकानात मिळेना, म्हणून आचाऱ्याची पांढरी टोपी घातली. आणि मेंढ्यांना आपल्या नातेवाइकांची नावं दिली. ओरालबेक नावाची मेंढी दिवसभर झोपते. (तो योगायोग आहे.) कुल्याश नावाची मेंढी कुंपण खाते. कितीदा दुरुस्त केलं तरी खाते. आई म्हणायची, खाऊ दे, सवयच आहे तिला.

आई गेल्यावर एकदा मी तो सहज लावून पाहिला. म्हटलं, वीज आहे का बघू. तेव्हापासून रोज संध्याकाळी वीज आहे का बघतो. माझ्या मिशीसकट मी आचाऱ्याच्या टोपीतली म्हातारी होऊन सलगमाला पाणी घालतो, आणि टोपी बदलायची माझी छाती झालेली नाही. आता बाजारात नवे गेम काय कमी आहेत? गाड्या पळतात, रॉकेटं उडतात. तरी माणूस जुन्यालाच का चिकटतो, हे मी तुर्सुनजानला विचारलं. तो गवंडी. दिवसभर विटा रचतो आणि घरी येऊन फोनवर वरून पडणाऱ्या विटा रचतो, कित्येक वर्षं तोच एक खेळ. म्हणाला, ‘अरे, इथे मालक नसतो.’ त्याचं ते कारण. राबिगा पत्ते लावते, म्हणते तेवढ्या वेळात कुणी तिला हाक मारत नाही. आणि माझं कारण म्हणशील तर त्या गावात कधीही गेलं तरी फारसं काही बिघडलेलं नसतं. थोडं गवत वाढतं, एखादा शेजारी विचारतो ‘कुठे होतीस इतके दिवस?’ आणि लगेच हातावर टरबूज ठेवतो. खऱ्या गावात असं कोण करतं? तूच सांग, तू तरी केलंस का?

आणि आता ऐक, खरा घोळ. त्या डब्यात एकच गाव मावतं. नवीन कुणी सुरू केलं की जुनं कायमचं पुसलं जातं. सुरुवातीलाच पडद्यावर विचारतात, नवीन गाव वसवायचं का? आणि तुझा लेक वाचण्याआधी बटण दाबणाऱ्यांतला आहे. मोटारसायकलचं तेच झालं. घरी पोचेल, चहाच्या आधी वायर जोडेल, अंगठा ठेवेल, आणि आई, मेंढ्या, कुंपण, सगळं साफ. मी त्याला फोन करून मागू शकत नाही. भाच्याला दिलेलं मागणं म्हणजे नाही म्हणण्याहून वाईट, आणि हे लिहितानाच माझा हात थरथरतोय, अक्षर बघ. पण आई लेकाकडून घेऊ शकते, त्याला कुठलीच रीत आड येत नाही. तेव्हा परवा स्टेशनवर जा. त्याला मिठी मारायच्या आधी पिशवी घे. वाटलं तर तुझा कान दुखतोय, डोकं दुखतंय, काहीही सांग, पण तो डबा टीव्हीपाशी जाऊ देऊ नकोस.

दाजींना सलाम, मांजराला काय असेल ते.

तुझा धाकटा
ओरालबेक

ता. क. डबा टपालाने किंवा बसवाल्याकडे देऊन पाठवू नकोस. फुटेल. कुणीतरी स्वतः मांडीवर घेऊन आणायला हवा.

ता. क. दुसरं. कुणीतरी म्हणजे तू, असा अर्थ काढू नकोस. आईच्या वर्षाच्या जेवणाला मानाच्या पाहुण्यापुढे ठेवायचं ते मेंढ्याचं डोकं मी दाजींपुढे न ठेवता गावातल्या हाजींपुढे ठेवलं म्हणून तू कोट उलटा घालून तरातरा निघून गेलीस, त्यात माझं काही चुकलं असं मी आजही मानत नाही. हाजी ऐंशीचे होते. आणि दाजींनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं की त्यांना डोकं आवडतच नाही, डोळे बघून त्यांना कसंसंच होतं. हे मी तुला सांगितलं असं त्यांना सांगू नकोस. तेव्हापासून ये म्हटलं की तुझं नाही. सणाला ये, नाही. सफरचंदं उतरलीत, ये, नाही. बरं, नाही तर नाही.

ता. क. तिसरं. राबिगाला फोटो काढायला हाक मारली, तेवढ्यात गाडीतून कुआनिशचाच फोन आला. वरचं सगळं विसर. म्हणजे विसरू नकोस, पण स्टेशनवर पिशवी हिसकावू नकोस, पोरगं घाबरेल. मी तुर्सुनजानकडे कुरेंगला चोरून चारा घालायला गेलो होतो तेव्हा राबिगाने (माझ्या बायकोने, माझ्याच घरात!) वायर जोडून त्याला सगळं गाव दाखवलं होतं. तो म्हणाला, ‘मामा, घोडा तर मला पहिल्याच दिवशी दिसला, भिंतीवरून मान काढून माझ्याकडेच बघत होता. पण शेवटची खेप होती ना, म्हणून विचार करून हात ठेवला. आई तुमच्या दारात येणार नाही म्हणते, मग आजीच्या दारात तरी जाऊ दे तिला.’ मी फोन ठेवला आणि राबिगासमोर रडलो. कांदा चिरत होतो असंही म्हणता येईना, हातात पेन होतं.

ताई, तुला माहीत नाही ते सांगतो. त्या गावात एक घर रिकामं आहे. शेजारी म्हणून किती जण राहायला आले, आईने कुणालाच दिलं नाही. कुल्याश येईल, म्हणायची. रोज सगळी कामं आटोपली की तिथे जाऊन दारात उभी राहायची आणि तिथेच खेळ बंद करायची. मीही रोज तिला तिथेच नेऊन उभं करतो. तू लावशील तेव्हा ती तिथेच असेल, आचाऱ्याच्या टोपीत. तिला फार वेळ बाहेर ठेवू नकोस, आत घेऊन जा. मग कुंपण बघ, तुझ्या मेंढीने पुन्हा खाल्लं असणार.

पण सगळ्यात आधी पडद्यावर तो प्रश्न येईल, नवीन गाव वसवायचं का? तिथे तुझं ते वर्षभराचं ‘नाही’ अगदी ठणकावून म्हण. तिथेच ते ‘नाही’ वापरून संपलं, की मला फोन कर. मी एकच गोष्ट विचारणार आहे, कधी येतेस.