तुमच्या नातवाचं पहिलं मत

अण्णा, आज एकादशी, म्हणून स्वयंपाकाची घाई नव्हती. पोथी वाचून झाली आणि तुमच्या फोटोसमोर लिहायला बसले. तुमचा नातू आता परदेशातला नागरिक झाला आहे. युरोपातला इवलासा देश, गुजरातच्या एका कोपऱ्यात मावेल एवढा. येत्या रविवारी तो तिथे पहिल्यांदा मत देणार, आणि कुणाला ते त्याने काल फोनवर सांगितलं. तिथे एक पक्ष आहे. देश आधी इथल्यांचा, आपली भाषा आणि सण सांभाळा, बाहेरून येणारे थांबवा, असं म्हणणारा. खांबाखांबांवर त्यांच्या पाट्या लागल्यात म्हणे.

"अरे, पण तू तर बाहेरचाच ना?" मी म्हटलं.

"आई, मी त्यांच्या भाषेची परीक्षा देऊन इथला झालोय. इतकी वर्षं कर भरतोय. आता कुणीही उठतं आणि येतं. घरं मिळत नाहीत इथे."

"आणि ते तुला आपला म्हणतात?"

"शेजारचे म्हणतात. सगळे नाही."

मला तुम्ही आठवलात. रेल्वेच्या कारखान्यात लागलात तेव्हा या बडोद्यात तुम्हाला कुणी खोली देईना. शेवटी रावपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्या गुजराती बाईंनी दिली, हे तुम्ही किती वेळा सांगायचात. त्यानंतर आपल्याकडे गावाहून कुणी नोकरीला आलं, की जागा मिळेपर्यंत त्याची वळकटी आपल्या स्वयंपाकघरात. मी नऊ वर्षांची असेन. असाच एकजण दोन महिने राहिला होता. जेवताना मी त्याच्यासमोरच विचारलं, "हे कधी जाणार?" आई वाढता वाढता थांबते. तुम्ही घास खाली ठेवता. आवाज चढवत नाही. "यांना नको विचारूस. मला विचार, मी बडोद्यातून कधी जाणार." त्या दिवशी तुम्ही मला त्याला ताक वाढायला लावलंत. तो बिचारा म्हणत होता, "असू द्या हो, लहान आहे."

हेच सगळं मी काल तुमच्या नातवाला सांगितलं. चांगलं ठासून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, आपल्या सोसायटीच्या कागदावर तू सही केली होतीस ना? पेन मीच आणून दिलं होतं."

मला वाटलं होतं तो विसरला असेल. दहावीत होता तेव्हा. आमच्या वरची जागा रिफायनरीत लागलेल्या एका ओडिया कुटुंबाने बघून ठेवली होती. नवरा, बायको, दोन मुली. बाहेरच्यांना जागा भाड्याने द्यायची नाही, असा कागद घेऊन खालच्या काकी आल्या. "बेन, सही करी आपो ने. बहारना लोकोने भाडे नथी आपवुं." मी म्हटलं, काकी, आम्हीही मराठी. त्या हसल्या, "अरे, तमे तो आपणा ज ने!" आणि अण्णा, आम्ही 'आपलेच' हे ऐकून मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. देवासमोरची वात सारखी करून आले आणि सही केली.

पोरगं काल असं काही तोडून बोललं नाही. नुसतं विचारलं. मी "जेवलास का?" म्हटलं आणि फोन ठेवला. रविवारी तो त्याला वाटेल तेच करील, आणि नको म्हणायला मला तोंड नाही.

त्या वर्षी तुम्ही आमच्याकडेच होतात, खाटेला खिळलेले. वरच्या खोल्या रिकाम्याच राहिल्या. एकदा तुम्ही विचारलंत, "ती मुलीवाली माणसं येणार होती ना गं?" मी म्हटलं, "त्यांना दुसरीकडे चांगली जागा मिळाली." तुम्ही "बरं झालं" म्हणालात आणि कुशीवर वळलात. त्यांना जागा मिळाली की नाही, मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.